पी-सतरा नंबरची थुंकी

"पल्लवी, तू एकच सॅम्पल दोन ठिकाणी टाकलंयस," मॅडम म्हणल्या.

मी म्हणलं, "नाही मॅडम."

"मग हे काय?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. पी-सतरा आणि सी-बारा. दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या ट्यूबा, आणि आकडे जवळपास सेम. पॉइंटनंतरच्या शेवटच्या आकड्यात तेवढा फरक. लॅबमधे नवीन माणसाची ही सगळ्यात कॉमन चूक असते. एका ट्यूबमधली लाळ उचलायची, आणि बोलता बोलता तीच दोन नंबरांवर टाकायची. आणि मी बोलते लय. हे मॅडमना माहीत होतं.

थांबा, आधी आमी काय करतो ते सांगते, नाहीतर तुमी म्हणाल ही पोरगी थुंकीवर एवढं काय बोलायलीय.

मी परभणीला एका प्रोजेक्टवर आहे. मॅडम तोंडाच्या रोगांच्या डॉक्टर, त्यातल्या पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून आजार सांगणाऱ्या. तंबाखू, खर्रा, सुपारी खाणाऱ्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा येतो. सगळेच चट्टे कॅन्सरचे नसतात. पण काही पुढं जाऊन होतात, आणि नुसत्या डोळ्यानं कुठला होणार ते पक्कं सांगता येत नाही. त्यासाठी तुकडा काढावा लागतो, त्याला बायोप्सी म्हणतात. आता तुकडा म्हणलं की माणूस जो पळतो तो दिवाळीलाच दिसतो. म्हणून जगभर लोक शोधायलेत की लाळेतून काही कळतं का. लाळेत प्रोटीन असतात, आणि त्यातली काही, तोंडात गडबड सुरू झाली की वाढतात. त्यांना बायोमार्कर म्हणायचं. आमी मोजतो ते एक प्रोटीन म्हणजे गल्लीतल्या आरडाओरड्यासारखं आहे. वाढलं की समजायचं, काहीतरी झालंय. पण आग लागलीय का दोन सासवा-सुना भांडायल्यात, हे नुसत्या आवाजावरून कळत नाही. हिरड्या सुजल्या तरी ते वाढतं. म्हणून हे अजून रिसर्चमधेच आहे. ह्यावरून कुणाला "तुम्हाला आहे" किंवा "तुम्हाला नाही" असं सांगायची परवानगी आमाला नाही.

मोजायचं कसं? छोट्या छोट्या खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. त्यात लाळ टाकायची, मग औषधं टाकायची. प्रोटीन जास्त तर पिवळा रंग गडद. मशीन रंग वाचून आकडा देतं. चट्टावाल्यांना पी नंबर, आणि ज्यांना चट्टा नाही, तंबाखूही नाही, त्यांना सी नंबर. दोघांची तुलना करायची. बस, एवढंच. मला तर लय भारी वाटतं हे काम. घरी सांगितलं तर आई म्हणती जेवताना नको.

तर पी-सतरा.

पी-सतरा म्हणजे विश्वनाथअप्पा. राणीसावरगावात त्यांचं बादल्या, घमेली, पत्र्याच्या पेट्या असलं दुकान आहे. पासष्टीचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, धोतर असं पांढरं की बघतच राहावं. गावात शब्दाला वजन. तपासणीचा कॅम्प आमी तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात घेतला होता, तिथं मॅडमनी त्यांच्या तोंडात टॉर्च मारला आणि तो तिथंच धरून ठेवला. उजव्या गालात आत चट्टा होता, आणि पांढऱ्यात मधे मधे लाल. नुसत्या पांढऱ्यापेक्षा हे वाईट.

मॅडम म्हणल्या, "अप्पा, ह्याचा तुकडा काढून बघावा लागेल. परभणीला या."

"सुरी लागली की पसरतं मॅडम."

"नाही पसरत. हा गैरसमज आहे."

"आमच्या चुलत्याला लागली. पसरलं." अप्पांनी तोंड मिटून घेतलं. मग माझ्या ट्यूबांच्या बॉक्सकडं बघून म्हणले, "ही पोरगी थुंकी कशाला जमा करायलीय?"

आणि मी, शहाणी, सगळं सांगून टाकलं. प्रोटीन, रंग, मशीन. हातवारे करून. अप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि फैसला सुनावला. "मग झालं तर. तुमच्या प्रोटीनात आलं तर सुरी लावा. न्हाई आलं तर हात लावू देणार न्हाई."

मॅडमनी माझ्याकडं जे बघितलं ना! ही टेस्ट त्यासाठी नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. अप्पांच्या डोक्यात ते शिरलंच नाही. त्यांचं ठरलं होतं.

त्या दिवसापासून रोज दुकान उघडलं की मला फोन.

"पोरी, माझं प्रोटीन लागलं का?"

जसा काय दहावीचा निकाल.

आणि आता निकाल समोर होता. पी-सतरा खाली. एकदम खाली, चांगल्या माणसांच्या रांगेत. असला चट्टा आणि एवढा कमी आकडा? टेस्टवर विश्वास ठेवून रिसर्च करतोय म्हणलं तरी मला ते पटंना. पण अप्पांना नुसता वास जरी लागला असता की आकडा कमी आहे, तर ते पुन्हा कधी तोंड उघडणार नव्हते. ना आमच्यासमोर, ना कुणासमोर.

मॅडमना मी म्हणलं, "मी दोनदा नाही टाकलं. गाळ बघू का?"

लाळ आली की ती सेंट्रीफ्यूजमधे गरागरा फिरवतात. वरचं पाणी चाचणीला, खालचा गाळ फेकायला. फेकायच्या ट्यूबा अजून डब्यात होत्या. मी पी-सतरा काढली. तळाला काळी काळी बारीक पूड. मग सी-बारा काढली. तळाला तीच काळी पूड. बाकी एकाही ट्यूबमधे तसलं नव्हतं.

आता ती पूड मी झोपेतसुद्धा ओळखली असती. माझी गंगाखेडची मावशी रोज सकाळी तेच बोटावर घेऊन अर्धा तास ओट्यावर बसती. मिश्री! तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, आणि दाताला लावायचा.

मी अप्पांचा फॉर्म काढला. तंबाखू-चुना, फक्त दुपारनंतर. सकाळी काही नाही. मग सकाळी दहाच्या थुंकीत मिश्री कुठून? आणि मिश्री लावणारा पुरुष आमच्याकडं मी तरी बघितला नाही. मग सी-बाराचा फॉर्म काढला. महानंदाबाई, वय साठ, चट्टा नाही, तंबाखू नाही. आडनाव तेच. मोबाईल नंबर तोच.

"मॅडम," मी म्हणलं, "ही दोन माणसं नाहीत. एकाच बाईची थुंकी आहे दोन्हीकडं. पण ती मी नाही टाकली. तशीच आलीय."

मॅडमनी चष्मा काढला. "तुझ्यासमोर दिली होती ना त्यांनी?"

इथं माझं चुकलं होतं.

आमची पद्धत अशी की माणसाला खुर्चीत बसवायचं, मान खाली घालायची, आणि थुंकायचं नाही, लाळ आपोआप ट्यूबमधे पडू द्यायची. झोपेत उशी ओली होती ना, तसंच, फक्त जागेपणी. आता अप्पांसारखा माणूस, शाळेचा व्हरांडा, समोर अर्धं गाव. ते म्हणले, "चारचौघात लाळ गाळू का मी? घर समोरच हाय. घरून आणून देतो." मला वाटलं, लघवीची डबी देतो तसंच की. दिली ट्यूब. पंधरा मिनिटांत भरून आणली त्यांनी, वर रुमाल झाकून.

"लॉगमधे लिहिलंस?" मॅडम.

"नाही."

"आता लिही. लाल पेननं. आणि उद्या जा गावाला."

आजच जाते म्हणलं. नाहीतरी बसून काय करणार होते, लॅबमधे सगळे माझ्याकडं बघायलेत असं वाटायला लागलं होतं. एसटीत मांडीवर बर्फाचा डबा. पिंगळी गाव मागं पडलं तोवर शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, कुल्फी हाय का. मी म्हणलं थुंकी न्यायचा डबा हाय. गंगाखेडपर्यंत सीट माझ्या एकटीची.

दुकानात अप्पा गल्ल्यावर बसले होते, चहूबाजूंनी बादल्या. मला बघून एकदम खूश.

"आलं का प्रोटीन?"

"आलं अप्पा. पण ते तुमचं नाही."

"म्हंजे?"

"ती थुंकी कुणाची होती?"

अप्पांनी एक बादली उचलली, फडक्यानं पुसली, खाली ठेवली. ती आधीच चकाचक होती.

"अप्पा?"

"घरचीच हाय की," अप्पा हळूच म्हणले. "परक्याची न्हाई."

मी स्टुलावर बसले. हसू का रडू कळंना. "का पण? तुमाला नव्हती द्यायची तर नाही म्हणायचं होतं."

"बस, सांगतो." त्यांनी आवाज आणखीन कमी केला. "मी सकाळी लिंगपूजा करतो. तीर्थ घेतो. एकदा तीर्थ तोंडात गेलं की दुपारच्या जेवणापर्यंत आपल्या तोंडातनं काही बाहेर टाकायचं न्हाई. थुंकायचं न्हाई. माझ्या वडलांनी पाळलं, मी पाळायलोय. तंबाखूसुदा म्हणूनच दुपारनंतर खातो. तू दहा वाजता म्हणलीस थुंका. कसं थुंकू?"

"मग हे मला का नाही सांगितलं?"

"तू एवढ्या लांबून आलीस, बर्फ घेऊन. मोकळ्या हातानं पाठवायचं का तुला?"

घ्या! एवढे नियम लिहिलेत आमच्या प्रोटोकॉलमधे. उपाशी पाहिजे, सकाळी आठ ते अकरा पाहिजे, चूळ नको, पान नको. पण एखादा माणूस पोरीला रिकामं कसं पाठवायचं म्हणून बायकोची लाळ भरून देईल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

तेवढ्यात मागच्या दारातून महानंदाकाकू आल्या. चहा घेऊन. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं.

"कुणाची थुंकी?" काकू म्हणल्या.

अप्पांनी परत फडकं उचललं.

"आवं, कुणाची थुंकी म्हणते मी? ह्यांनी त्या दिवशी नळी आणून हातात दिली. म्हणले थुंक. म्हणलं मी आत्ताच शाळेत देऊन आले की. तर म्हणले तुझं माप कमी भरलं, मॅडमनी आणखीन मागितलंय. मी आपली बसले लाळ गाळत. आन् ती तुमच्या नावावर?"

"अगं, लेकराचं काम अडलं होतं..."

"लेकराचं काम! आन् तुमच्या गालाचं काय? माझ्या थुंकीनं तुमचा गाल बरा हुणार हाय का?"

दुकानात एक गिऱ्हाईक घमेलं घ्यायला आलं होतं. ते घमेलं खाली ठेवून, भिंतीला टेकून, नीट ऐकायला लागलं.

मला वाटलं आता आपण पण विषय काढावा. "काकू, तुमी फॉर्मवर तंबाखू नाही म्हणलात."

"न्हाईच की."

"मिश्री लावता?"

"ती लावते. तीन टाइम. दात घासायला."

"मिश्री कशाची असती काकू?"

"तंबाखूची." काकू थांबल्या. "पण मी खात कुठं? थुंकून टाकते."

"हां!" अप्पांना एकदम जोर आला. "आता बोल!"

"तुमी गप बसा. तुमची तर थुंकीबी तुमची न्हाई."

गिऱ्हाईक हसलं. अप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं काय आता घमेल्याचा भाव दुप्पट सांगणार.

म्हणजे माझी दोन सॅम्पलं गेली. पी-सतरा खोटं, आणि सी-बारा बाद, कारण मिश्रीवाली बाई "तंबाखू नाही" ह्या गटात बसतच नाही. एका घरात दोन विकेटी. पण माझं डोकं अप्पांच्या गालात अडकलं होतं.

"अप्पा, पूजा किती वाजता करता?"

"आंघोळ झाली की. साडेसहा, सात."

"त्याच्या आधी काही खाता-पिता?"

"पूजेच्या आधी मी पाणीसुदा घेत न्हाई."

मी उडालेच. उपाशी! आमाला पाहिजे तसला कडक उपाशी! बाकीचे पेशंट "काही खाल्लं नाही" म्हणतात आणि ट्यूबमधे पोहे निघतात.

"मग उद्या पूजा साडेआठला करा. मी आठला येते. आधी लाळ, मग पूजा, मग तीर्थ. चालेल?"

अप्पांनी विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्याच.

"चालंल," अप्पा म्हणले. "पण चारचौघात न्हाई."

"तुमी, मी आणि काकू. बस."

"तिला कशाला?"

"साक्षीदार," काकू म्हणल्या.

रात्री मी मावशीकडं गंगाखेडला राहिले आणि सकाळी पहिल्या गाडीनं परत राणीसावरगावात. अप्पा आंघोळ करून मागच्या अंगणात पाटावर बसलेले, मान खाली, हातात ट्यूब. पाच मिनिटं झाली. काही नाही. दहा झाली. तंबाखूनं तोंड कोरडं पडलेलं असतं अशा माणसांचं. बारीकसा एक थेंब आला.

काकूंना राहवंना. त्या आत गेल्या आणि एकदम चर्रर्र! लसणाची फोडणी.

"काकू, फोडणी नका देऊ!" मी ओरडले.

"का गं? वासानं तोंडाला पाणी सुटंल की त्यांच्या!"

"तेच नाही पाहिजे! वासानं आलेली लाळ पातळ असती. प्रोटीनचा आकडा बदलतो. साधी पाहिजे, आपोआप आलेली!"

काकूंनी कढई ताटाखाली झाकली, आणि मला म्हणल्या, "अवघड नोकरी हाय बाई तुझी." अप्पा ट्यूबमधे तोंड घालूनच हसले, त्या हसण्यात अर्धी ट्यूब भरली. पंचवीस मिनिटं लागली. मी स्वतः झाकण लावलं, बर्फात ठेवलं आणि लॉगमधे वेळ टाकली. अप्पा लगेच पूजेला पळाले.

दोन दिवसांनी प्लेट लावली. मी मशीनपुढं नखं खात उभी.

आकडा आला मधे.

खाली नाही, वरही नाही. चट्टावाले आणि चांगले, दोन्हीकडची माणसं जिथं मिसळतात, बरोबर तिथं. एवढं करून मशीन म्हणतंय, मला काय माहीत.

मी मॅडमना म्हणलं, "मॅडम, अप्पांना वर आलाय म्हणून सांगू का? म्हणजे येतील तरी."

खरं सांगते, मला वाटलं त्या हो म्हणतील. मॅडम म्हणल्या, "आणि बायोप्सीत काही नाही निघालं तर? गावातला पुढचा माणूस आपलं ऐकेल का? खरं सांग. जे आहे ते."

फोन लावला.

"अप्पा, आकडा मधे आलाय. ह्याच्यावरून आहेही म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. आणि ही टेस्ट त्यासाठी नाहीच, हे मी आधीच..."

"मधी म्हंजे न्हाईच की!" अप्पांचा आवाज केवढा मोकळा झाला. "बघ, म्हणलं होतं मी."

"तसं नाही अप्पा," मी सांगायला लागले. तेवढ्यात तिकडं खडखड झाली आणि फोनवर काकू.

"पोरी, आधीचा जो आकडा होता, तो माझा होता ना?"

"हो काकू."

"तो खाली होता?"

"हो."

"आन् ह्यांचा माझ्यापेक्षा वर हाय?"

"आहे, पण काकू, दोन माणसांचं असं..."

"एकाच घरातलं खातो. एकाच आडातलं पाणी पितो. माझा खाली, ह्यांचा वर. म्हंजे फरक गालातच हाय ना?"

हे शास्त्रात बसत नाही. एका बाईच्या आकड्याशी एका माणसाचा आकडा लावून काही सिद्ध होत नाही, वरून काकू मिश्री लावणाऱ्या. मी सांगायला तोंड उघडलं, आणि मग म्हणलं, खरं तेवढंच सांगू. "काकू, आकड्यावरून काही कळत नाही. पण मॅडमनी गाल बघून सांगितलंय, तुकडा काढून बघायला पाहिजे. ते आकडा यायच्या आधीपासून सांगितलंय."

"बस झालं," काकू म्हणल्या. मग फोन न ठेवताच आत ओरडल्या, "आवं, पिशवी भरा!"

सोमवारी मोठी पूजा असती म्हणून मंगळवारी दोघं परभणीला आले. अप्पा खुर्चीत, काकू दाराशी, जसं काही ते पळून जातील. गाल बधिर करून हरभऱ्याएवढा तुकडा काढला, एक टाका. अप्पा म्हणले, "झालं? एवढंच?" आणि चुलत्याबद्दल मग त्यांनी स्वतःच सांगितलं. चुलत्यांना सुरी लागली तेव्हा त्यांचं तोंड उघडत नव्हतं, आधीच एवढं वाढलेलं होतं.

तुकडा मॅडमनी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितला, दोनदा. कॅन्सर नव्हता. पण पेशी बिघडायला लागल्या होत्या, चांगल्याच. त्याला डिस्प्लेशिया म्हणतात. बिघाड वरच्या थरातच होता, अजून कुंपण ओलांडलं नव्हतं. असंच सोडलं असतं तर कधी ओलांडलं असतं कुणी सांगू शकत नाही. छोट्या ऑपरेशनमधे सगळा चट्टा काढला. आता दर तीन महिन्यांनी गाल दाखवायला येतात, तंबाखू बंद, आणि दुपारनंतर जरा चिडचिड करतात असं काकू सांगतात. काकूंनी ट्यूबची पेस्ट धरलीय. म्हणतात, दात पांढरे झाले, पण मजा गेली.

आमच्या डेटात मात्र अप्पा नाहीत. पहिलं सॅम्पल त्यांचं नव्हतं, दुसरं कॅम्पच्या बाहेर घेतलेलं, प्रोटोकॉल मोडून. दोन्ही काढून टाकली. सी-बारा पण काढलं. म्हणजे अख्ख्या प्रोजेक्टमधे ज्या थुंकीमुळं कुणीतरी खरंच दवाखान्यात आलं, ती आमच्या रिसर्च पेपरमधे कुठंच दिसणार नाही.

फॉर्मवर तेवढ्या दोन ओळी वाढल्यात. एक, "मिश्री लावता का?" आणि दुसरी, "ही लाळ कुणाच्या तोंडातून पडली, आणि पडताना कुणी बघितलं?" खाली सही. आता प्रत्येक ट्यूबमागं पंचवीस-पंचवीस मिनिटं समोर बसून बघावं लागतं, आणि सही माझीच असती.